उगमाकडची ओल आणि कोरड

१९९७ साली ह्वांगहो, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली पीत नदी, वर्षातले २२६ दिवस समुद्रापर्यंत पोचलीच नाही. मुखापासून वरच्या बाजूला सुमारे ७०० किलोमीटरचे पात्र त्या वर्षी कोरडे पडले होते. पुढे २०१९ मध्ये, याच नदीच्या उगमाच्या पश्चिमेला, तिबेटच्या पठारावर चिनी अभियंत्यांनी घाईघाईने एक कालवा खोदला. एक खारे सरोवर फुगत चालले होते आणि ते ल्हासाच्या रेल्वेमार्गावर चालून येण्याआधी त्यातले पाणी काढून देणे भाग होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाटते, पठार आधी सुकत होते, आता ओलावते आहे. चला, एक काळजी मिटली. चीनमधल्या बातम्यांचा सूर बऱ्याचदा असाच असतो. ऊन वाढते आहे खरे, पण पाऊसही वाढतो आहे, मग तक्रार कसली?

या सुरात तथ्य आहे. पण ओल म्हणजे नेमके काय, असे विचारले की तो डळमळू लागतो. आभाळातून पडणारे पाणी, मातीत मुरलेले पाणी, सरोवरात साठलेले पाणी आणि नदीतून वाहून जाणारे पाणी, या चारांची चाल एकसारखी नसते. सरोवर वाढले आणि त्याच तालुक्यातले कुरण सुकले, असे पठारावर घडले आहे. उगमाकडे सलग काही वर्षे पाऊस चांगला झाला आणि खाली नदीने तळ गाठला, असेही घडू शकते. म्हणून उगमांच्या प्रदेशात दुष्काळ वाढला की ओल वाढली, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्याकडे थोडे संशयानेच पाहावे.

ज्या प्रदेशाबद्दल बोलायचे आहे तो चीनच्या छिंगहाई प्रांताच्या दक्षिणेला पसरलेला आहे. चिनी भाषेत त्याला सानजियांगयुआन म्हणतात, म्हणजे तीन नद्यांचा उगमप्रदेश. ह्वांगहो, यांगत्से आणि पुढे मेकाँग म्हणून ओळखली जाणारी लानत्सांग या तिन्ही नद्या इथून निघतात. क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे आपल्या महाराष्ट्राएवढे किंवा थोडे जास्तच. सरासरी उंची ४,००० मीटरच्या पुढे. वस्ती विरळ आणि बहुतेक तिबेटी पशुपालकांची, याक आणि मेंढ्यांवर जगणारी. आग्नेय कोपऱ्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वायव्येला, तुओतुओ नदीकडे, जेमतेम २५० ते ३००. त्यातला बहुतेक मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत.

या प्रदेशाबद्दल एक आकडा सगळीकडे छापून येतो: यांगत्सेचे २५ टक्के, ह्वांगहोचे ४९ टक्के आणि लानत्सांगचे १५ टक्के पाणी इथून येते. सरकारी पुस्तिका, शोधनिबंधांची पहिली ओळ, पर्यटनाची माहितीपत्रके, सगळ्यांनी तो एकमेकांकडून उचललेला दिसतो. आता साधा हिशेब मांडू. यांगत्से उगमप्रदेशातून बाहेर पडते ती झिमेनदा या मापनकेंद्रापाशी. तिथून वर्षाकाठी सरासरी १३ अब्ज घनमीटरच्या आसपास पाणी वाहते. खालच्या टप्प्यातल्या दातोंग केंद्रावर हाच आकडा ९०० अब्जांच्या घरात जातो. म्हणजे वाटा दीड टक्क्याचा. पंचवीस टक्के कुठून आले? ह्वांगहोची गोष्ट मात्र खरोखरच वेगळी आहे. तांगनाइहाइ या केंद्रावर तिचे सरासरी २० अब्ज घनमीटर पाणी मोजले जाते. आपल्या मापात ७०० टीएमसी, म्हणजे पावणेसात कोयना धरणे. सबंध खोऱ्याच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या भूभागातून नदीचे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी येते. उगमावरच्या पावसाची चूक यांगत्से पोटात घालू शकते, ह्वांगहो नाही. तिन्ही नद्यांना एकाच दाव्यात गुंफल्यामुळे नेमका हाच फरक पुसला जातो.

उगमाच्या पाण्याबद्दल दुसरा पक्का समज हिमनद्यांचा. गेलादाइन्दोंग शिखराच्या बर्फातून थेंब ठिबकतो आणि यांगत्से सुरू होते, हे चित्र १९७६ च्या शोधमोहिमेनंतर चिनी शाळकरी मुलांच्या डोक्यात बसले. त्या मोहिमेने तुओतुओ नदीला मुख्य उगमाचा मान दिला. पण दक्षिणेकडून येणारी दांगचू नदी तुओतुओच्या कितीतरी पट पाणी घेऊन येते आणि ती येते दलदलीतून, गवताळ पाणथळ जमिनीतून. ह्वांगहोच्या उगमात तर हिमनद्यांचा वाटा एखाद्या टक्क्याइतकाही नाही. आम्ने माचिन पर्वतावरचा बर्फ डोळ्यांत भरतो, नदीत फारसा भरत नाही. वॉल्टर इमरझील आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये आशियातल्या मोठ्या नद्यांचा ताळेबंद मांडला, त्यातही हेच दिसले: वितळलेल्या बर्फावर सर्वात जास्त विसंबून आहे ती सिंधू, ह्वांगहो, यांगत्से आणि गंगा त्या मानाने कमी. म्हणून सानजियांगयुआनमधल्या दुष्काळाचा विचार करताना बर्फाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा पाऊस, माती आणि बाष्पीभवन यांच्याकडे पाहणे भाग आहे.

आणि तिथेच मोजमापाची रड सुरू होते. पठारावरची हवामान केंद्रे बहुतेक १९५० च्या दशकात उभी राहिली. तुओतुओ नदीकाठचे केंद्र ४,५३३ मीटरवर आहे. तिथे नोंदी घेणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही रस्त्याच्या कडेला आणि दऱ्यांच्या तळाशी. वर डोंगरांवर काय पडते, याची नोंद नाही. पश्चिमेकडचा मोठा भूभाग तर मोजणीविनाच राहिला. त्यात इथला बराचसा पाऊस म्हणजे हिम. वारा जोराचा असला की हिमाचे कण पर्जन्यमापकाच्या तोंडावरून निघून जातात, आत पडतच नाहीत. म्हणजे नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी. पुढे वाऱ्याचा जोर ओसरला तर मापकात जास्त हिम पडू लागते आणि कागदावर पाऊस 'वाढतो'. पठारावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत वारा मंदावला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या बारीकशा गोष्टीचे महत्त्व कळते.

दुष्काळ मोजण्याची मापेही एकाला एक जुळत नाहीत. महाराष्ट्रात ज्याने पैसेवारीचे राजकारण पाहिले आहे त्याला हे समजावून सांगायला नको. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर आपल्याकडे पर्जन्याच्या तुटीबरोबर जो प्रमाणित पर्जन्य निर्देशांक वापरता येतो, तोच पठारावरही वापरतात. १९९३ मध्ये मॅकी आणि सहकाऱ्यांनी तो सुचवला. त्याचा गुण हा की तो फक्त पाऊस पाहतो आणि दोषही तोच. तापमान वाढले, जमिनीतले पाणी जास्त उडू लागले, तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून २०१० मध्ये व्हिसेंते-सेरानो यांनी पावसातून संभाव्य बाष्पीभवन वजा करणारा निर्देशांक आणला. पण बाष्पीभवन काढायचे कसे? थॉर्नथ्वेटचे सूत्र सोपे आहे, त्याला फक्त तापमान लागते. शून्य अंशाखाली ते बाष्पीभवन शून्य धरते. ज्या प्रदेशात वर्षातले निम्म्याहून अधिक महिने सरासरी तापमान शून्याखाली असते, आणि त्याच महिन्यांत कडक ऊन आणि बोचरा वारा जमिनीची ओल ओढून नेतो, तिथे हे सूत्र म्हणजे थट्टाच. पेनमन-माँटिथचे सूत्र ऊन, वारा, आर्द्रता सारे धरते, पण तेवढी माहिती किती ठिकाणी आहे? एकच केंद्र, एकच काळ, आणि दोन सूत्रांतून दोन वेगळ्या तीव्रतेचे दुष्काळ निघतात. क्वचित कल सुद्धा उलटा.

हे सारे मान्य करूनही काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. १९९० च्या दशकात, आणि पुढे २००२ च्या आसपासपर्यंत, ह्वांगहोचा उगमप्रदेश खरोखर कोरडा पडला होता. माडुओ तालुक्याची हकीकत त्या काळाची साक्ष आहे. समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरहून उंच असलेल्या या तालुक्यात ४,०७७ लहानमोठी सरोवरे असल्याचे सांगितले जाई. १९८० च्या सुमारास पशुधनाच्या जोरावर हा तालुका दरडोई उत्पन्नात चीनमधल्या अगदी वरच्या तालुक्यांत होता. पुढच्या वीस वर्षांत चित्र पालटले. निम्म्याहून अधिक सरोवरे आटल्याच्या बातम्या आल्या. ग्यारिंग आणि न्गोरिंग या दोन मोठ्या सरोवरांना जोडणारा ह्वांगहोचा प्रवाहच मधल्या काळात काही वेळा तुटला. कुरणांची जाड वीण फाटून खालची काळी माती उघडी पडली. चिनी अधिकारी अशा पडीक तुकड्यांना 'काळ्या मातीचे पट्टे' म्हणू लागले. २००२ साली तांगनाइहाइपाशी नदीत सरासरीच्या निम्मेच पाणी होते. संपन्न तालुका मदतीवर जगू लागला.

त्या दशकातली एक गोष्ट अजून अभ्यासकांना खटकते. पाऊस जेवढा घटला, त्यापेक्षा नदीचे पाणी बरेच जास्त घटले. मधले पाणी गेले कुठे? थोडे वाढत्या उष्णतेने उडाले असणार. पण मोठा संशय जमिनीवरच आहे. पठाराचा बराच भाग पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे खोलवर बारमाही गोठलेल्या जमिनीवर उभा आहे. ही गोठलेली जमीन एरवी पाणी खाली जाऊ देत नाही. पाणी वरच राहते, दलदली टिकतात, गवताच्या मुळांना ओल मिळते. जमीन तापली की गोठलेला थर खाली सरकतो आणि वरचे पाणीही त्याच्यापाठोपाठ खोल जाते. पाऊस तेवढाच पडूनही मुळांपाशी कोरड. दुसरीकडे हेच मुरलेले पाणी भूजलातून हिवाळ्यात नदीला येऊन मिळते, त्यामुळे काही नद्यांचा हिवाळी प्रवाह वाढलेला दिसतो. उन्हाळ्यात कमी, हिवाळ्यात जास्त आणि कुरणात कोरड: याला दुष्काळ म्हणायचे की ओल? पावसावर बेतलेला निर्देशांक इथे मुका राहतो.

सरकारने मात्र दोष ठरवून टाकला होता: अतिचराई. २००३ पासून जनावरे कमी करून कुरणांना विसावा देण्याची मोहीम सुरू झाली, २००५ मध्ये साडेसात अब्ज युआनचा संवर्धन प्रकल्प आला आणि हजारो पशुपालकांना 'पर्यावरणीय स्थलांतर' करायला लावले. यांगत्सेच्या उगमाकडच्या तांगुला भागातली १२८ कुटुंबे २००४ मध्ये शेकडो किलोमीटर उत्तरेला गोलमुड शहराच्या कडेला वसवली गेली. चराईचा भार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शतकानुशतके फिरत्या चराईवर जगलेल्या लोकांनीच अचानक वीस वर्षांत पठार उजाड केले आणि त्याच वीस वर्षांतल्या अवर्षणाचा, वितळत्या जमिनीचा, कुंपणे घालून कुरणे वाटून देण्याच्या धोरणाचा त्यात काही हात नव्हता, हे पटण्यासारखे नाही. दुष्काळात आधी गरिबाकडे बोट दाखवायची पद्धत सगळीकडे सारखीच दिसते.

आणखी एक आरोपी होता: पिका. दिसायला उंदरासारखा, पण सशाच्या गोतातला हा मुठीएवढा प्राणी बिळे करून राहतो. कुरण खराब झाले की पिका वाढलेले दिसतात. म्हणून पिकांनीच कुरण खराब केले, असे ठरले आणि लाखो हेक्टरांवर विषाची आमिषे टाकली गेली. अँड्र्यू स्मिथ आणि मार्क फॉगिन यांनी १९९९ मध्येच बजावले होते की पक्ष्यांपासून अस्वलांपर्यंत कितीतरी जीव या प्राण्यावर आणि त्याच्या बिळांवर अवलंबून आहेत. पुढे स्मिथ यांनीच मॅक्सवेल विल्सन यांच्यासोबत २०१५ मध्ये पाण्याच्या बाजूने हा प्रश्न तपासला. जिथे पिकांची बिळे शाबूत होती तिथे पावसाचे पाणी जमिनीत लवकर मुरत होते. जिथे विष घालून पिका संपवले होते तिथे ते मुरण्याचा वेग मंदावला होता. ज्या प्राण्याला उगम वाचवण्यासाठी मारले तो उगमाचे पाणी जिरवण्याच्या कामावर होता.

२००३-०४ नंतर हवा पालटली. पाऊस वाढला, सरोवरे भरू लागली, तांगनाइहाइचे आकडे चढले आणि २०१८ ते २०२० या वर्षांत नदी दुथडी भरून वाहिली. उपग्रहातून पाहता कुरणे हिरवी झाली. संवर्धन प्रकल्पाने यशाचा टिळा लावून घेतला आणि २०२१ मध्ये सानजियांगयुआन राष्ट्रीय उद्यान रीतसर जाहीर झाले. यातले किती प्रकल्पामुळे आणि किती पावसामुळे, हे सोडवणे सोपे नाही. प्रकल्प सुरू व्हायला आणि पाऊस वाढायला एकच गाठ पडली. चिनी शास्त्रज्ञांच्या मूल्यमापनांतही दोघांना वाटा दिलेला असतो. न्गोरिंग सरोवराच्या बाबतीत तर तिसराच भिडू आहे: त्याच्या तोंडाखाली २००० च्या सुमारास बांधलेल्या छोट्या जलविद्युत केंद्राने पाणी अडवले. त्यामुळे त्या सरोवराची वाढ हवामानाच्या खात्यावर सरसकट मांडता येत नाही. माझ्या मते गवत हिरवे होण्यात मोठा हात पावसाचाच आहे. याची परीक्षा पुढच्या सलग कोरड्या वर्षांत होईल.

ओल कशी अंगाशी येते, याचा धडा त्याच सुमारास पश्चिमेकडे मिळाला. होह शिल हा निर्मनुष्य प्रदेश. २०१७ मध्ये तो जागतिक वारशात गेला. तिथले झुओनाइ सरोवर म्हणजे चिरू या तिबेटी हरणांचे विण्याचे ठिकाण. दर उन्हाळ्यात हजारो माद्या शेकडो किलोमीटर चालून इथे येतात. वर्षानुवर्षे वाढलेल्या पावसाने आणि बर्फाच्या वितळण्याने सरोवर काठोकाठ आले आणि सप्टेंबर २०११ मध्ये त्याचा पूर्वेकडचा काठ फुटला. पाणी कुसाई सरोवरात गेले, तिथून हायदिंगनुओरमध्ये, तिथून यानहू या खाऱ्या सरोवरात. ज्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता अशी चार सरोवरे एका ओढ्यात ओवली गेली. शेवटच्या यानहूला बाहेर वाट नव्हती. पुढच्या आठ वर्षांत ते चौपटीहून अधिक पसरले आणि छिंगहाई-तिबेट रेल्वे, महामार्ग व तेलवाहिनी यांच्या दिशेने सरकू लागले. तेव्हा २०१९ चा तो कालवा काढला आणि यानहूचे खारट पाणी छिंगशुई नदीवाटे चुमार नदीत, म्हणजे यांगत्सेच्या उत्तरेकडच्या उगमात सोडले गेले. आजवर समुद्राशी नाते नसलेला एक मोठा भूभाग असा यांगत्सेच्या खोऱ्याला जोडला गेला. दरम्यान झुओनाइचे काय झाले? पाणी उतरून जो तळ उघडा पडला त्यावरची बारीक वाळू वाऱ्याने उडू लागली आणि विणीच्या जागेभोवतीचे गवत त्याखाली गाडले जाऊ लागले. अतिओलीने फुटलेल्या सरोवराच्या काठी वाळवंट तयार झाले. 'ओल वाढली' हे वाक्य यानहूच्या काठी खरे, झुओनाइच्या काठी खोटे; घटना एकच.

हिवाळ्यातली ओल तर थेट जीव घेते. २०१९ च्या सुरुवातीला याच उगमप्रदेशातल्या युशू भागात हिमवर्षाव थांबता थांबेना, गवत बर्फाखाली गेले आणि याकांचे कळप भुकेने मेले. वार्षिक आकड्यांत ते साल चांगल्या ओलीचे म्हणून गणले जाईल.

हे सगळे पठारभर सारखे नाही, आणि त्याचे मूळ वाऱ्यांत आहे. याओ तानदोंग आणि सहकाऱ्यांनी पावसातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून दाखवले की साधारण ३५ अंश अक्षांशाच्या उत्तरेला पाऊस पश्चिमी वाऱ्यांचा, ३० अंशांच्या दक्षिणेला आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. मधला पट्टा दोघांच्या ओढाताणीचा. सानजियांगयुआन नेमका या मधल्या पट्ट्यात बसतो. गेल्या काही दशकांत उत्तर-पश्चिम बाजू ओलावली, तर दक्षिणेला, हिमालयाच्या मागे ब्रह्मपुत्रेच्या वरच्या खोऱ्याकडे, पाणी घटले. २०२२ मध्ये याओ यांच्याच गटाने साऱ्या पठाराचा लेखाजोखा घेताना हा उत्तर-दक्षिण असमतोल ठळकपणे मांडला. २००२ ते २०१७ फिरलेले ग्रेस उपग्रह आणि २०१८ पासूनची त्यांची पुढची जोडी जमिनीतल्या पाण्याचे वजन गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून ओळखतात. त्यांच्या नोंदींतही आतल्या पठारावर वाढ आणि दक्षिणेकडे घट दिसते. पठारावरच्या एक चौरस किलोमीटरहून मोठ्या सरोवरांचे एकूण क्षेत्र १९७० च्या दशकात ४० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होते, आता ते ५० हजारांवर आहे.

मग पश्चिमी वारे जास्त पाऊस का आणू लागले? एक मत असे की उत्तर अटलांटिक महासागर १९९० च्या मध्यापासून तापलेल्या टप्प्यात आहे आणि त्यामुळे उंचावरच्या वाऱ्यांची वाट बदलली. हे खरे असेल तर काळजीचे कारण आहे. अटलांटिकचा हा झोका साठ-सत्तर वर्षांत एक फेरा पुरा करतो, आणि तो उलटा फिरला की आजची ओलही फिरेल. वितळणाऱ्या बर्फाचे पाणी तर मुद्दलच आहे. त्याला व्याज समजून खर्च करता येत नाही. बहुतेक हवामान प्रारूपे शतकभरात पठारावरचा पाऊस वाढेल असे सांगतात, पण त्याच प्रारूपांत उष्णता आणि बाष्पीभवनही वाढते.

सत्तर वर्षांच्या नोंदींनी अशा झोक्यांचा निवाडा होत नाही, म्हणून झाडांकडे जावे लागते. छिंगहाईतल्या देलिंगहा भागातले ज्युनिपर वृक्ष हजार-हजार वर्षे जगतात. यांग बाओ आणि सहकाऱ्यांनी जिवंत झाडे, वठलेली खोडे आणि थडग्यांतली लाकडे यांतली वाढीची वर्तुळे जोडून ३,५०० वर्षांच्या पावसाचा पट उभा केला; तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इसवी सनापूर्वीचे चौथे शतक आणि पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध भीषण कोरडा दिसतो, आणि अलीकडची काही दशके साऱ्या पटात बहुधा सर्वात ओली. म्हणजे ज्या काळाला आपण सरासरी धरून धरणे आणि करार बेततो आहोत, तोच अपवाद ठरण्याची शक्यता आहे. मर्यादा एवढीच की देलिंगहा सानजियांगयुआनच्या उत्तरेला, खालच्या उंचीवर आहे. तुओतुओच्या काठी झाडच उगवत नाही. तिथला इतिहास बर्फाच्या गाभ्यांतून आणि सरोवरांच्या गाळातून वाचावा लागतो.

मराठी वाचकाच्या ओळखीचे एक दुष्काळी पर्व अशाच वर्तुळांत सापडते. एडवर्ड कुक यांच्या गटाने २०१० मध्ये मोसमी आशियाचा दुष्काळनकाशा केला, तिबेटसकट तीनशेहून अधिक ठिकाणच्या झाडांवरून. त्यात १८७६ ते १८७८ चे महाअवर्षण ठसठशीत उमटले आहे. त्याच अवर्षणात उत्तर चीनमध्ये एक कोटीच्या आसपास माणसे मेली आणि त्याच वेळी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली. सार्वजनिक सभेने त्या हलाखीची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. दोन्हीकडच्या अवर्षणामागे प्रशांत महासागरातला बलवान एल निनो होता. त्या दुष्काळानंतर भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि हिंदुस्थानातल्या अवर्षणाचा संबंध शोधला व १८८४ मध्ये मांडला: वर बर्फ जास्त, तर खाली पाऊस कमी. पठाराच्या तापण्याचा आणि मोसमी पावसाचा संबंध त्यानंतर कितीदा तरी नव्याने मांडला गेला. २०१० मध्ये बूस आणि क्वांग यांनी तर पठाराच्या उष्णतेपेक्षा हिमालयाची भिंत महत्त्वाची, ती उत्तरेची कोरडी हवा अडवते, असे म्हणून वादाला नवे तोंड फोडले. वाद मिटलेला नाही.

कृत्रिम पावसाबद्दल चार शब्द पुरेत. ह्वांगहोच्या उगमावर १९९७ पासून ढगांवर फवारणी चालते आणि २०१८ मध्ये 'आकाशनदी' नावाच्या भव्य योजनेचा गाजावाजा झाला. तिच्यावर पहिली टीका चीनमधल्याच हवामानशास्त्रज्ञांनी केली, हे त्यांच्या श्रेयाचे.

उगमाची ओल खालच्या माणसाच्या किती कामी येते, याचे उत्तर २०२२ च्या उन्हाळ्याने दिले. यांगत्सेचे खोरे इतके तापले आणि सुकले की सिचुआनमध्ये कारखान्यांची वीज तोडावी लागली आणि पोयांग सरोवराचा तळ दिसला. उगमावरच्या सरोवरांत तेव्हा दशकभरापूर्वीपेक्षा जास्त पाणी होते. दीड टक्क्याच्या वाट्याने ते भागणारे नव्हते. ह्वांगहोने १९९९ नंतर पुन्हा कोरड पाहिली नाही, त्याचे श्रेयही पावसाइतकेच १९९९ पासून साऱ्या नदीचे पाणी एका हाताने वाटण्याच्या व्यवस्थेला जाते.

भारताशी या प्रश्नाचा संबंध येतो तो सानजियांगयुआनमधून नाही, त्याच्या नैर्ऋत्येकडून. जिथे पठार सुकते आहे त्या बाजूने. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहाची माहिती देण्याचा करार चीनशी २००२ मध्ये झाला. नुगेशा, यांगचुन आणि नुशिया या तीन केंद्रांवरची पाणीपातळी आणि पाऊस चीनने कळवायचा होता, तोही १ जून (पुढे १५ मे) ते १५ ऑक्टोबर एवढाच, कारण करारामागची काळजी पुराची होती. २०१७ मध्ये डोकलामच्या तणातणीच्या वर्षी तीही माहिती आली नाही, २०२३ मध्ये कराराची मुदत संपली आणि जुलै २०२५ मध्ये नदीच्या मोठ्या वळणाजवळ महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाले. मेकाँगच्या देशांनाही आधी फक्त पावसाळ्यातलेच आकडे मिळत. २०१९-२० च्या अवर्षणात नदी विक्रमी खाली गेल्यावर ओरड झाली आणि २०२० पासून चीनने वर्षभराचे आकडे द्यायचे कबूल केले. ब्रह्मपुत्रेसाठी नवा करार होईल तेव्हा आसामच्या पुराबरोबर नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांतल्या नोंदी मागाव्या लागतील. धरण भरताना पाणी अडते ते या महिन्यांत जाणवते, आणि नुशियाचे या महिन्यांतले आकडे जुन्या करारात कधी नव्हतेच.